उत्तर देणारं दुकान

सोलापूरच्या नवी पेठेत कोणी नवीन दुकान टाकलं आणि ‘फेसबुक-इन्स्टावर काय टाकू’ असं विचारत आलं, की मी आधी त्यांचा फोन मागून घेते. उत्तर न दिलेले मेसेज किती पडलेत ते बघते. बहुतेक वेळा तिथंच सगळं कळतं. फोटो भरपूर टाकलेले असतात, आणि खाली ‘किंमत?’, ‘आहे का अजून?’, ‘बार्शीला पाठवता का?’ असे प्रश्न आठवडाआठवडा तसेच लोंबकळत असतात. काहींना उत्तर मिळालेलं असतं, तेही ‘इनबॉक्स बघा’ एवढंच. पायरी चढून आलेल्या बाईनं साडीला हात लावून “केवढ्याला?” असं विचारलं, तर आपण तिला आतल्या खोलीत नेऊन कानात किंमत सांगतो का? चारचौघींत सांगतो. शेजारी बसलेल्या दोघी ते ऐकतात आणि त्याही साडी ओढून बघतात. फोनवरही किंमत उघड लिहिली की हेच होतं. विचारायला संकोचणारी बरीच माणसं फक्त वाचत असतात.

आमचं दुकान साड्यांचं, जोडीला थोडं रेडिमेड. माझे सासरे, ज्यांना सगळी पेठ अण्णा म्हणते, ते आजही सकाळी गादीवर येऊन बसतात. आमचा मोठा धंदा लग्नाच्या बस्त्याचा. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, तुळजापूर, आणि राज्याच्या हद्दीपलीकडून इंडी, अफझलपूरकडची माणसं बस्ता बांधायला सोलापुरात येतात. एक जीप भरून येते. नवरीचा शालू, वरमाईची पैठणी, आजीची इरकल, करवल्यांचं, मामाचं, मानपानाच्या साड्या, टोपी-टॉवेल असं करत दुपारची संध्याकाळ होते. एवढा वेळ एकत्र बसलेली माणसं ओळखीची होऊनच उठतात. कोणाच्या घरात वाद आहे, कोणाला हिरवा रंग चालत नाही, धाकटीचं लग्न अजून किती वर्षांनी आहे, हे अण्णांना सगळं ठाऊक. उधारीच्या खतावणीशिवाय त्यांची आणखी एक वही आहे. तिच्यात गाव, घराणं, बस्त्याचं साल आणि घरात लग्नाची किती मुलं उरलीत, एवढंच लिहिलेलं असतं.

ही रीत त्यांना त्यांच्या वडिलांकडून आली. तेव्हा सोलापूर गिरण्यांचं गाव होतं. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णूपर्यंतच्या मिलच्या भोंग्यावर गाव उठायचं, आणि पेठेतले दुकानदार मिलच्या पगाराच्या तारखा धरून माल भरायचे. मिली एकेक करून बंद पडल्या. गिऱ्हाईक बदललं, शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवरची माणसं आली, बाहेरगावचा बस्ता वाढला. पण गिऱ्हाइकाच्या घरातली तारीख आपल्याला माहीत असली पाहिजे, ही गोष्ट तशीच राहिली. समाजमाध्यमावर गिऱ्हाइकाशी नातं कसं जोडायचं याचे पैसे घेऊन वर्ग चालतात. त्यातलं अर्धं शिक्षण पेठेतल्या जुन्या गादीवर फुकट मिळतं, असं माझं मत आहे. उरलेलं अर्धं मात्र फोनकडूनच शिकावं लागतं, आणि ते शिकायला लाजू नये.

आम्ही ते २०२० मध्ये शिकलो. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. दुकान लग्नसराईच्या मालानं भरलेलं, शटर खाली. अण्णांची वही मी घरी आणली आणि एकेक नंबर फोनमध्ये घातला. नुसतं नाव लिहिलं नाही. नाव, गाव आणि कशासाठी आले होते ते लिहिलं. दुकानासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप, ज्याला व्हॉट्सॲप बिझनेस म्हणतात, ते २०१८ पासून आपल्याकडे होतं. ते तेव्हा घेतलं. त्यावरचा आमचा पहिला मेसेज मालाचा नव्हता. अण्णा स्वतः बोलले. घरी सगळे बरे आहेत का, लग्नाची तारीख पुढं गेली असेल तर काळजी करू नका, दिलेला ॲडव्हान्स जमा आहे, बाजूला काढलेला माल तसाच ठेवलाय. अर्धा मिनिट असेल जेमतेम. त्यावर उलट आलेले आवाज आम्ही घरात बसून ऐकले. एका आजींनी साडीचा विषयच काढला नाही, अण्णांच्या गुडघ्याची चौकशी केली. पुढं दुकानं उघडल्यावर सगळ्यात आधी आली ती याच यादीतली माणसं.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण इथं पुष्कळांची गल्लत होते. व्हॉट्सॲपवर एकाच वेळी अनेकांना मेसेज धाडायचे दोन रस्ते आहेत, गट आणि ब्रॉडकास्ट यादी. दुकानानं गिऱ्हाइकांचा गट करू नये, याबद्दल मी फार आग्रही आहे. गटात प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. विश्वासानं आपल्याला नंबर देणाऱ्या बाईला रात्री अनोळखी माणसाचा मेसेज आला, तर ते आपल्या दुकानामुळं झालेलं असतं. ब्रॉडकास्टमध्ये मेसेज प्रत्येकीला वेगळा जातो आणि कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. एका यादीत २५६ जणांपर्यंत नावं घालता येतात. त्यातही एक मेख आहे. ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज पोचतो. हजार नंबर गोळा करून बसलेल्या दुकानदाराला उत्तरं का येत नाहीत, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. म्हणून बिल करतानाच आम्ही विचारतो, “नवीन माल आला की फोटो पाठवले तर चालतील ना?” हो म्हणाल्या, तर तिथंच त्यांच्या फोनमध्ये आमचा नंबर सेव्ह करून घेतो. नाही म्हणाल्या, तर घालत नाही. आणि नंतर कधी कोणी ‘नको’ लिहिलं, तर त्याच दिवशी नाव काढतो. २०२३ मध्ये माणसाच्या खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, त्याचाही गाभा संमती हाच आहे.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाचा कॅटलॉग लावता येतो, ठरीव उत्तरं साठवता येतात. मला सगळ्यात उपयोगी वाटतात ती लेबलं. प्रत्येक संभाषणाला एक चिठ्ठी डकवता येते. आमच्याकडे ‘बस्ता वैशाख’, ‘फॉल-पिको बाकी’, ‘पैसे यायचे’, ‘ब्लाउज शिवायला’ अशी लेबलं आहेत. गिऱ्हाइकाला सर्वांत आवडणारा मेसेज कोणता, तर ‘ताई, तुमची साडी फॉल-पिको होऊन तयार आहे, सोबत फोटो.’ त्यात जाहिरात कसलीच नाही. पण मोहोळहून येणाऱ्या बाईचा एक हेलपाटा वाचतो, आणि ती एसटीत बसायच्या आधीच समाधानी असते.

साडी फोनवर विकण्यातली खरी अडचण रंगाची. आपल्याकडे रंगांना नावं किती! चिंतामणी, मोरपंखी, आमसुली, राणी, अबोली, डाळिंबी, वांगी. चिंतामणी रंग मागणाऱ्या बाईच्या डोळ्यापुढं नेमकी छटा असते, आणि फोनचा कॅमेरा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिचा सरळ निळा करून टाकतो. आम्ही साडी दाराशी उजेडात नेतो. उन्हात नको, सावलीतल्या उजेडात. आणि शेजारी एक पांढरा सोलापुरी टॉवेल ठेवतो. फोटोत टॉवेल पिवळट किंवा निळसर दिसला, तर साडीचाही रंग तेवढाच सरकलाय हे कळतं आणि फोटो पुन्हा काढता येतो. फिल्टर लावायचा नाही. एक फोटो पूर्ण साडीचा, एक पदराचा, एक काठाच्या उलट्या बाजूचा, कारण जाणती बाई दुकानात काठ उलटा करूनच बघते. काठात धागा ओढलेला असेल तर तोही दाखवायचा आणि किंमत त्याप्रमाणे लावायची.

चादरीचंही असंच. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक हमखास विचारतं, “खरी सोलापुरी ना?” सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावाखाली वाटेल ते विकलं जातं. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा चादरीचे दुकानदार एक साधी चित्रफीत करू शकतात. जॅकार्डवर विणलेल्या चादरीची नक्षी धाग्यातच असते. चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन मागं दिसते. छापलेल्या चादरीची मागची बाजू फिकी असते. चादर हातात धरून एकदा उलटायची, बस्स. पूर्व भागातल्या मागावर ती विणली जाताना दाखवली, तर आणखी उत्तम. माल कुठं बनतो हे चालत जाऊन दाखवता येणं, ही सोलापूरच्या दुकानदाराची मोठी पुंजी आहे आणि ती फार कमी वापरली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाषेचा मुद्दा तर सोलापूरइतका क्वचितच कुठं भिडत असेल. आमच्याकडे एका तासात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी, चारही बोलणारी माणसं येतात. पण घरात कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी सोलापूरकरांची शाळा मराठीत झालेली असते. त्यांना आपल्या घरच्या भाषेची लिपी वाचता येत नाही. उलट हद्दीपलीकडच्या इंडीकडच्या बायकांना मराठी कळतं, पण वाचायला अवघड जातं. मग लिहिलेली पोस्ट कोणासाठी? म्हणून आम्ही आवाजाचे मेसेज धरले. “अक्का, एष्टु?” असं कन्नडमधून विचारलेलं आलं, तर आमच्याकडचे जुने सेल्समन काका कन्नडमधूनच उत्तर देतात. पूर्व भागातून कामाला येणारी मुलगी तेलुगूत बोलते. “किती लावलालाव ओ ताई?” असा अस्सल सोलापुरी आवाज आला की मी बोलते. आवाज ऐकला की पलीकडच्या माणसाला कळतं, आपल्याशी बोलणारं माणूस आहे. महागातली जाहिरात करूनही हे मिळत नाही.

पोस्ट कधी टाकायची, याची मोठमोठी वेळापत्रकं लोक बनवून देतात. आमचं वेळापत्रक दाते पंचांग. शंभर वर्षांहून जास्त काळ ते सोलापुरातून निघतंय, आणि लग्नाचे मुहूर्त, चातुर्मास, सण सगळं त्यात असतं. मुहूर्त बघितले की बस्त्याची गर्दी कधी हे आधी कळतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. लेक-जावयाला वाण द्यायचा महिना, तेव्हा सासऱ्यांना काय लागेल हे सांगायला वेगळा अभ्यास लागला नाही. जावयासाठी कापड, टॉवेल-टोपी आणि लेकीसाठी साडी असे जोड लावून किमतीसह फोटो पाठवले. कोजागिरीला सोलापुरातून हजारो माणसं तुळजापूरला पायी जातात. त्या आठवड्यात भारी साडीचे फोटो कोण बघणार? त्या वेळी सुती, धुवायला सोपं असं दाखवायचं.

आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा. सिद्धेश्वर महाराजांच्या या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, अक्षता सोहळा होतो, आणि भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. लहान पोरांना बाराबंदी घालायची हौस घरोघरी. डिसेंबर लागला की विचारणा सुरू होते. मापं विचारून घ्यायची, वय विचारायचं नाही, कारण पाच वर्षांची दोन मुलं एकाच अंगाची नसतात. छाती आणि उंची कशी मोजायची याची छोटी चित्रफीत आम्ही करून ठेवली आहे, तीच दरवर्षी पाठवतो. यात्रेनंतर आई-वडील आपणहून पोरांचे फोटो धाडतात. ते पाहून फार आनंद होतो. पण त्यांना विचारल्याशिवाय लेकराचा फोटो दुकानाच्या पानावर जात नाही. हो म्हणाले तरी मुलाचं नाव आणि शाळा लिहीत नाही.

आता रील्सबद्दल. २०२० च्या जूनअखेर आपल्याकडे टिकटॉक बंद झालं आणि जुलैत इन्स्टाग्रामनं रील्स आणले. तेव्हापासून दुकानदारांच्या मागं एकच लकडा, रील करा. रील अनोळखी माणसांपर्यंत पोचावं अशाच बेतानं ते यंत्र चालतं. तुम्ही देशभर कुरिअर करणार असाल तर त्याचा उपयोग आहे. पण ज्याचं नव्वद टक्के गिऱ्हाईक एसटीनं दीड-दोन तासांच्या आत राहतं, त्याला सुरतेहून किंवा इंदूरहून मिळालेल्या हजारो बघ्यांचं करायचं काय? नवीन दुकानदार पोरं त्या आकड्यानं हरखतात आणि महिन्याअखेरीला विक्री तेवढीच बघून खचतात, हे मी जवळून पाहिलंय. त्यांना मी सांगते, बघणारे मोजू नका, उलट विचारणारे मोजा, आणि त्यांतले किती पायरी चढले ते मोजा. आमच्या चित्रफितींतली सर्वांत जास्त पुढं पाठवली गेलेली चित्रफीत नऊवारी नेसण्याची नाही. दत्त चौकातून दुकानापर्यंत कसं यायचं आणि दुचाकी कुठं लावायची याची आहे. लग्नघरातला एक जण ती बघतो आणि जीपमधल्या सगळ्यांना पाठवतो.

गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करणं फुकट आहे आणि तरी निम्म्या पेठेनं ते नीट केलेलं नाही. पत्ता, फोन, उघडण्याची वेळ, पाटीचा स्वच्छ फोटो, एवढं पुरे. संक्रांतीला किंवा लक्ष्मीपूजनाला वेळ बदलते, ती तिथं बदला. चाळीस किलोमीटरवरून आलेल्या माणसाला बंद शटर दिसलं, तर तो वर्षभर विसरत नाही. वाईट शेरा कोणी लिहिला तर तो लपवायच्या खटाटोपात पडू नये. त्याच जागी, सगळ्यांना दिसेल असं, साडी घेऊन या, बदलून देतो, असं लिहावं आणि खरंच बदलून द्यावी. वाचणारा तक्रार वाचतो आणि लगेच खालचं उत्तर वाचतो. मैत्रिणींकडून पाच चांदण्या मागून घेणारे आहेत. गिऱ्हाइकाला ते बरोबर ओळखता येतं.

धोकेही सांगितलेच पाहिजेत. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे भेटतात. आपल्या खात्यात जमा झाल्याचं दिसल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही, मग समोरचा कितीही घाई करो. आपले फोटो उचलून, आपल्याच नावाचं खोटं पान काढून लोकांकडून पैसे उकळणं हाही प्रकार चालतो. म्हणून आमच्या फोटोंत साडी धरलेला हात दुकानातल्याच माणसाचा असतो आणि मागं आमची मांडणी दिसते. गिऱ्हाइकांना एकच नंबर सांगून ठेवलाय, दुसऱ्या कुठल्याही नंबरवर पैसे देऊ नका. कोणी फसलंच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवायला सांगावं. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. खात्याला दुपदरी कुलूप, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, लावावं आणि ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नये. अण्णांची वही आजही चालू आहे, त्याचं एक कारण हेसुद्धा. खातं कुठल्याही दिवशी बंद होऊ शकतं. वहीतली गावं आणि नंबर आपल्याच हातात राहतात.

एका गोष्टीबद्दल पेठेत फार कमी बोललं जातं, ती म्हणजे फोनवर उत्तरं देतं कोण. बहुतेक दुकानांत ती एखादी कामावरची मुलगी असते. दिवसभर उभं राहून साड्यांच्या घड्या मोडायच्या, पुन्हा घालायच्या, आणि घरी गेल्यावर रात्री अकरा वाजता मालकाच्या फोनवरून आलेल्या ‘भाव काय’ला उत्तर द्यायचं. मालकाला वाटतं, फोनच तर बघायचाय. ते काम आहे, आणि धंद्यातलं नाजूक काम आहे. आमच्याकडे आता सोलापूरच्या उन्हाचाच उपयोग केला जातो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पेठेत चिटपाखरू नसतं, बाकी वर्षभरही दोन ते चार सुस्तीच असते. ते दोन तास फोनचे. आमच्याकडची कामावरची मुलगी पंख्याखाली बसून सगळ्या मेसेजना उत्तरं देते, तेवढ्या वेळात तिला कोणी साडी काढायला उठवत नाही. रात्री नऊनंतर आपोआप जाणारं उत्तर लावलंय: ‘दुकान बंद झालं आहे, उद्या सकाळी साडेदहाला तुम्हाला नक्की कळवतो.’ आणि सकाळी साडेदहाला कळवलं जातंच. फोनच्या यादीतून झालेल्या विक्रीवर तिला पगाराशिवाय वेगळा हिस्सा मिळतो. हे ठरवताना घरात बरीच चर्चा झाली. शेवटी अण्णाच म्हणाले, गिऱ्हाईक आता तिच्या आवाजाला ओळखतं, मग वाटा तिचा आहे.